बाराव्या मजल्याची पाहुणी

अंधेरीच्या गावठाणातला जुना क्रूस आमच्या टॉवरच्या कुंपणात आला. भिंत बांधली बिल्डरने, पण क्रुसाकडे जायच्या छोट्या फाटकाला कुलूप ठोकलं आमच्या कमिटीने. म्हणे सिक्युरिटी. डोंबलाची सिक्युरिटी. गावठाणातली एक म्हातारी मावशी नवरा गेल्यापासून रोज संध्याकाळी तिथे त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची. कुलूप लागल्यावर ती बाहेर फुटपाथवर लावू लागली. वाऱ्याने विझायची, ती पुन्हा लावायची. अर्ज दिला, तर सेक्रेटरी म्हणाले, "बाहेरच्यांना प्रवेश नाही."

टॉवर नव्हता तेव्हा हिने या जागेत भात लावलाय, आणि बाहेरची कोण, तर ही. माझं टाळकंच फिरलं. आम्ही बौद्ध. घर शोधताना आडनाव ऐकून दारातच "फ्लॅट गेला हो" म्हणणारे मी ढिगाने पाहिलेत. फाटकाबाहेर उभं राहणं काय असतं, ते मला कुणी शिकवू नये.

मी सोसायटीची नियमावली काढून वाचली. सभासदाच्या पाहुण्याला अडवता येत नाही. झकास. दुसऱ्या दिवशी मावशी मेन गेटवर, आणि वॉचमनचा फोन बाराव्या मजल्यावर, माझ्याकडे. "मॅडम, कामवाली आलीय."

"पाहुणी आहे. नीट लिही."

मावशीने मेणबत्ती लावली आणि वर चहाला आली. बुद्धाच्या मूर्तीसमोरची मेणबत्ती बघून म्हणाली, "आमच्याच गल्लीतल्या दुकानातली ना गं, बाय?" तिथलीच होती.

सेक्रेटरींनी नवा नियम काढला: एका फ्लॅटला रोज तोच पाहुणा चालणार नाही. मग मी दारोदार फिरले. सातव्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना भीतभीतच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एवढंच ना? तिला सांग, येताना आणखी दोघींना आण." मंगळवारी ती काकूंची पाहुणी, बुधवारी चौथ्यावरच्या मुसलमान डॉक्टरीणबाईंची. हळूहळू गावठाणातल्या दहा-बारा जणी यायला लागल्या. वॉचमन नावं लिहून लिहून मेटाकुटीला आला, गेटवर गाड्या तुंबल्या, आणि एकदा त्यात पहिलीच गाडी सेक्रेटरींची होती.

पुढच्या मीटिंगमध्ये छोटं फाटक उघडायचा ठराव आला. इतके हात वर झाले की मला सगळ्यांदेखत रडू फुटलं. सेक्रेटरींनीही शेवटी हात वर केला, जरा उशिराच.

त्या संध्याकाळी मावशी छोट्या फाटकातून आत आली. तिथे बसवलेल्या वॉचमनने सवयीने वही पुढे केली.

"कोणाकडे जायचंय, मावशी?"

"माझ्या नवऱ्याकडं," ती म्हणाली, आणि न थांबता क्रुसाकडे गेली.