गोळीवरचा 'स'

काडतुसं विकणाऱ्या एका परवानाधारक दुकानदारानं एका माजी सैनिकाला फसवलं आणि आम्ही पोलिसांनी गुन्हा त्या सैनिकावरच दाखल केला. ती घटना आजही आठवते, कारण त्या कागदावर सही माझी आहे.

हा माणूस मुकुंदवाडीचा. सैन्यातून निवृत्त होऊन करमाडजवळच्या एका कारखान्यावर स्वतःची रायफल घेऊन पहारा करायचा. सरावाच्या वेळी काडतूस मागच्या बाजूनं फुटलं आणि त्याचा उजवा डोळा गेला. पंचनामा करून उरलेली नऊ काडतुसं आम्ही जप्त केली. प्रयोगशाळेचा अहवाल आला: सगळी पुन्हा भरलेली. पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, आधीच वापरलेल्या, आणि गोळ्या दुसऱ्याच काडतुसांतून उपटून बसवलेल्या. वरिष्ठांनी ठरवून टाकलं की यानंच ती घरी भरली. परवाना निलंबित झाला, नोकरी गेली.

घाटी रुग्णालयात मी त्याचा जबाब घेतला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डोळ्याचं जाऊ द्या. पण मी घरी काडतुसं भरतो असं लिहू नका. लेकीच्या सासरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी वरिष्ठांशी कडाडून भांडलो. आणि तरी सही केली.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका पहारेकऱ्याचा ठाण्यात फोन आला. सैनिकानं जिथून काडतुसं घेतली, त्याच दुकानातली त्याची दोन काडतुसं फुसकी निघाली होती. नाव सांगायला तो घाबरत होता. मी जप्त मुद्देमाल पुन्हा उघडून घेतला आणि प्रयोगशाळेनं सुट्या केलेल्या गोळ्या भिंगाखाली धरल्या. प्रत्येकीवर पकडीचे चावे होते. दोन गोळ्यांच्या टोकाशी मात्र आणखी काही होतं, सुईनं कोरलेला बारीक 'स'.

दुकानदाराकडे कुणाची तरी खूण असलेली गोळी येते कुठून, याचा मी विचार केला. परवानाधारक वारला की घरचे त्याची बंदूक आणि काडतुसं ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करतात. मी मयत परवानाधारकांची यादी काढली आणि एकेक घर गाठलं. सहावं घर खुलताबादला होतं. तिथल्या आजींचे यजमानही फौजेतले. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि गोळी उजेडाकडं फिरवली.

"व्हय, हे त्यांचंच काम. माझ्या नावाचा 'स'. म्हणायचे, गोळीवर कुणाचं तरी नाव असतंच, मग तुझंच असू दे. मी लई चिडायचे." एवढं बोलून त्या हसल्या आणि पदर डोळ्याला लावला. मग ट्रंकेतून त्यांनी दुकानदाराची जमा पावती काढून दिली. गोळी परत मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मुद्देमाल आहे, मिळणार नाही, असं मला सांगावं लागलं.

मी लहानपणी आईसोबत बाजारात भाजी विकली आहे. खोटा व्यापारी मला ओळखू येतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो आधीच देतो. दुकानदाराला मी फक्त धंदा कसा चाललाय म्हणून विचारलं. तो लगेच म्हणाला, "खुलताबादहून माझ्याकडे कधी काही जमा झालं नाही."

"खुलताबादचं नाव मी घेतलं का?" मी पावती टेबलावर ठेवली. ती त्यानं दोनदा वाचली आणि पाणी मागितलं. गिऱ्हाइकांनी नियमानं परत केलेल्या पुंगळ्या आणि मेलेल्या माणसांच्या काडतुसांतल्या गोळ्या, दोन्ही त्यानं नव्या डब्यात घालून विकल्या होत्या. झडतीत पकड आणि बंदुकीची दारू सापडली. सैनिकावरचा गुन्हा आम्ही मागे घेतला.

त्याच्या घरी सांगायला मी स्वतः गेलो. मी माफी मागायच्या आधीच त्यानं बायकोला हाक मारली, "साहेबांना चहा टाक. उन्हातून आलेत." सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी शरम कधी वाटली नाही. पुरावा समोर असताना तो कुणाच्या विरोधात आहे हे आधी ठरवू नये, हे मी त्या चहाच्या कपाशी शिकलो.

पण प्रकरण माझ्यासाठी संपलेलं नाही. बंदूक त्याला आता हातातही धरायची नाही. त्याला एकच कागद हवाय, परवान्याचं निलंबन चुकीचं होतं असं लिहिलेला. लेकीच्या सासऱ्यांना दाखवायला. निलंबनाचा हुकूम दोन दिवसांत निघाला होता. हा कागद चार वर्षं निघत नाही. मी माझी चूक इथं सहीनिशी कबूल केली आहे. त्या हुकमावर ज्यांची सही आहे, त्यांनी आता मुकुंदवाडीला जाऊन त्या माणसाच्या उरलेल्या डोळ्यात बघून उत्तर द्यावं.