दादा गेलाय, हे इंग्रजीत

अगं सोनू, कान दे इकडे. "आजी, गॉन आणि बीनमधला फरक सांग," म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास! एवढी कसली गं घाई?

त्या दोन शब्दांसरशी मला आगर गावच्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवली. वहिनी बोंबील वाळत घालत होती, दादा बोटीवर गेला होता आणि मी आपली एकटीच इंग्रजी शिकत बसले होते.

"दादा समुद्रावर गेलाय, हे इंग्रजीत सांग बघू," वहिनी म्हणाली.

"आपल्यात नुसतं गेलाय. इंग्रजीत 'हॅज'नंतर दोन शब्द चालतात. गॉन हे जाण्याचं रूप, म्हणजे गेलेला अजून तिकडेच आहे. बीन हे असण्याचं रूप, म्हणजे जाऊन परत आला."

"बीन? गारुड्याची?" ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मग बीनच म्हण. आला बघ तो."

मागच्या दारी कोणीतरी पाय धूत होतं. आम्ही धावलो. कोणीच नव्हतं, पण सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं आत चुलीपर्यंत आली होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं. घरभर डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास.

संध्याकाळी बोट आली, दादाशिवाय.

तेव्हा मी फार भ्याले होते. आता वाटतं, आपल्याच घरी आला होता तो, भ्यायचं काय? वहिनी अजून बीनच म्हणते, आणि मी तिची चूक काढत नाही.

तू मात्र मागच्या खेपेला निघताना "जाते" म्हणालीस. येते म्हणावं गं. ये लवकर.