तरव्याची मूठ

आमच्या जोयड्याच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, प्राचार्यसुद्धा. मी ऑफिसातला क्लार्क, मीही तेच म्हणतो. खानापूरला खेळाडू, रामनगरच्या शाळेत पीटी टीचर आणि मग आमच्याकडं कोच, एवढा प्रवास त्यांनी गळ्यातली शिटी न काढता केला असावा. लग्नाच्या पंगतीतही ती गळ्यात असते.

यंदा भातलावणीच्या दिवसांत बेंगळूरच्या एका मोठ्या कॉलेजानं त्यांना बोलावलं. तिथलं मैदान छपराखालचं, आमचं पावसात शेवाळणारं. राजीनामा मीच टाइप केला, तोंड पाडून. सहीसाठी अक्कांना शोधलं, तर त्या गुंद गावच्या शेतांत गेलेल्या. मी मोटारसायकल काढली.

अक्का गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. बांधावरून एक मुलगी लावणाऱ्या बायकांकडं तरव्याच्या मुठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या, फेकत होती. प्रत्येक मूठ नेमकी एकीच्या हाताशी पडायची. अक्का दर पावसाळ्यात टीम अशीच शोधतात.

"बघितलासा काय? एक बी वाकडी न्हाई! बारावी पास हाय म्हणं."

"अक्का, सही," मी कागद पुढं केला.

त्यांनी तो उलटा करून माझ्या पाठीवर ठेवला आणि कोऱ्या बाजूला त्या मुलीचं नाव लिहिलं. "उद्या हिचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरून घ्या."

"आणि बेंगळूर?"

"तितं तरवा कोण फेकतंय?"

त्यांनी शिटी फुंकली. पुढची मूठ सरळ माझ्या छातीवर आली, आणि जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी झेललं.