फिटर गजात उतरला

दसऱ्याला बिरोबाच्या माळावर आम्हा धनगरांचा गज, म्हणजे ढोलावरचा रुमालांचा नाच, व्हायचा आणि ढोल माझा थोरला भाऊ वाजवायचा. त्या वर्षी त्यानं ढोल गळ्यात अडकवू नये म्हणून मी परोपरीनं सांगितलं. पावसाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं होतं आणि पौडच्या डॉक्टरांनी जोराचं काम वर्ज्य केलं होतं.

"ढोल म्हंजी काम हाय व्हय?" तो हसला.

मुळशीचं धरण तेव्हा बांधलं जात होतं, तिथे मी हजेरी कारकून होतो. तिथला एक फिटर रशियन होता, तिकडच्या क्रांतीनंतर देश सोडून आलेला. संध्याकाळी तो भात्याची पेटी छातीशी धरून वाजवी, कधी ती खाली ठेवून उकिडवा बसे आणि एकेक पाय पुढे फेकत नाचे. मोडक्या हिंदीत त्यानं मला सांगितलं होतं, की वाजवणाऱ्याच्या आधी नाचणारा थांबला तर त्यांच्या गावात त्याची छी-थू होते. आमच्याकडे उलट. रिंगणात कुणाच्या अंगात आलं, तर तो शांत होईपर्यंत ढोल थांबवायचा नाही.

दसऱ्याच्या दुपारी भावानं ढोल गळ्यात अडकवलाच, आणि फिटर गज बघायला आला. लय चढली तसा तो रुमाल उडवणाऱ्यांच्या मधे शिरला, उकिडवा बसला आणि पाय फेकू लागला.

"आलं! गोऱ्याच्या अंगात आलं!" म्हाताऱ्यांनी हात जोडले.

फिटर आणि भाऊ दोघंही एकमेकांच्या थांबण्याची वाट पाहत होते, हे माळावर फक्त मला कळत होतं. भावाचे ओठ निळे पडले. मी ओरडलो, ते ढोलात बुडालं. पुढे झालो तर चुलत्यांनी दंड धरला.

"देवाच्या मधी पडतूस व्हय रं?"

"तात्या, दादा मरंल!"

"आन् ढोल मधीच थांबला तर गाव मरंल!"

अंगातलं वारं भंडाऱ्यानं उतरतं, पण तो लावायचा मान पुजाऱ्याचा. मी हात सोडवून त्याच्या ताटातली मूठभर हळद उचलली आणि फिटरच्या कपाळावर थापली. ती डोळ्यांत गेली. तो डोळे चोळत खाली बसला, आणि ढोल थांबला.

भाऊ ढोलावर रेलला होता. मी त्याच्या पाठीला कान लावला. आत नुसती घरघर.

"दादा, बोल की."

"लई... चिवट हाय रं तुझा गोरा." हसता हसता त्याला ढास लागली. तोंडाशी धरलेला हात त्यानं तसाच मुठीत मिटला.

घरी पोचेपर्यंत ती मूठ उघडली नाही. दाखव म्हणायचा मला धीर झाला नाही.