शेंगा फोडणारी बाई

ग्रहणात काही खायचं नसतं, म्हणून आम्ही तिघा मित्रांनी मुद्दाम दोन आण्यांच्या भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि मुलुंडच्या बागेत जाऊन बसलो. चंद्र अर्धा झाकला होता. तेवढ्यात एक गरोदर बाई शेजारच्या बाकावर येऊन टेकली. दिवस भरत आलेले, आणि नजर थेट चंद्रावर!

आम्ही गडबडलो. आमच्यातला सगळ्यात मोठा नास्तिक वसंताच कुजबुजला, "अरे, तिला घरी जायला सांग ना कुणीतरी!"

तिनं ते ऐकलं. पदर सावरत म्हणाली, "मागच्या खेपेला काळोख्या खोलीत निजून होते. पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळं पाळलं. तरी मूल हाती लागलं नाही."

मग तिनं हात पुढे केला. "द्या हो थोड्या शेंगा."

पोटुशी बाईनं ग्रहणात काही मोडायचं-फोडायचं नसतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तरी मी पुडी पुढे केली. चंद्रावरची नजर न काढता ती एकेक शेंग कडकन फोडून खात राहिली.

आम्हाला नेमकी कसली भीती वाटली, मला अजून कळलेलं नाही. पण ग्रहण सुटेपर्यंत आमच्यापैकी एकानंही शेंगेला हात लावला नाही.