उलट्या पिळाचा दोर

आमच्या दोघांचं शेवटचं काम म्हणजे भांडण. कुंडल गावातल्या आमच्या घरी, सकाळी न्याहारी झाल्यावर, सुनेच्या कॉम्प्युटरपुढं.

सून पुण्याच्या ऑफिसचं काम घरी बसून करते. त्या दिवशी ती दोर बनवत होती. हातानं चित्र काढायचं नाही, नुसती अक्षरं आणि आकडे लिहायचे. ठिपका किती गोल फिरवायचा, फिरता फिरता किती वर चढवायचा, असे वेढे किती. बटण दाबलं की पडद्यावर तीन पेड वेढे घेत उभे. बोटानं फिरवला की तोच दोर वरून दिसायचा, खालून दिसायचा. घायपाताचा वाख नाही, तो भिजवायला पाणी नाही, आणि दोर तयार. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, बघतच राहिलो.

आम्ही नवराबायकोनं जन्मभर जनावरांची दावी घरीच वळली. मी पीळ द्यायची फिरकी फिरवायची, तिनं दुसरं टोक धरायचं. बायको पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "पोरी, ह्यो दोर सुटंल."

सुनेनं विचारलं, का? हिनं पदराचं टोक पिळून दाखवलं. पेड ज्या अंगाला पिळलाय, त्याच्या उलट अंगाला तिन्ही पेड एकमेकांवर वळायचे. मग एक पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही. सुनेच्या चित्रात पेडातले धागेबी उजवीकडं पिळलेले आणि पेडबी उजवीकडंच वळलेले.

खरं सांगतो, ते मलाबी दिसलं होतं. पण ही आधी बोलली, तेबी सुनेपुढं. मी म्हणालो, "गप बस. मशिनीला अक्कल शिकवाय निघालीस. कसाबी वळला तरी दोर ऱ्हातोय."

"आवं, मग जेवल्यावर तसा वळून दावा की मला."

सुनेनं एका आकड्याआधी उण्याची खूण घातली. धागे दुसऱ्या अंगाला फिरले. "आता व्हय," बायको म्हणाली, माझ्याकडं बघून हसली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

गोठा दारापासनं वीस पावलं. म्हैस सारखी ओरडायला लागली म्हणून सून बघायला गेली. ही वैरणीवर आडवी, हातात कडब्याची पेंडी तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तिला काही कळलंबी नसंल. मलाच कळंना. आत्ता तर हसली होती. मी म्हणालो, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं.

पोरगा पुण्याहून आला, दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. माझ्या डोळ्यातनं टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस. घट्ट कसला! जेवल्यावर हिला दोर वळून दाखवायचाय, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि जेवणच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर माळ्यावरचा वाख काढून भिजवला. थोरली बहीण म्हणाली, "सुतकात दोर वळू नगं रं. येडा झालास व्हय?" मी ऐकलं नाही. टोकं मेढीच्या खांबाला बांधली, तीन पेड उजवीकडं पिळले आणि तिन्ही एकमेकांवर उजवीकडंच वळले. हात सोडला. दोर गरागरा फिरला, पेड सुटे झाले आणि मातीत पडले.

ओट्यावर भावकी बसली होती. मी सुनेला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "तिचं बरोबर हुतं. मला आधीच ठावं हुतं."