दर मिनिटाची हाक

जेवणानंतर मी स्क्रीनकडे नुसती बघत बसले होते. आम्ही लिनक्स या संगणकप्रणालीसाठी सर्व्हिस मॅनेजर लिहितो. तो बाकीचे प्रोग्राम सुरू करतो, पडले तर उठवतो. हे प्रोग्राम एका सामाईक मार्गावरून, आमच्या भाषेत बसवरून, एकमेकांना नावानं हाक मारतात. त्यातली एक हाक दर मिनिटाला येत होती आणि बस उत्तर देत होती, ‘या नावाचं इथे कोणी नाही.’

हाक सुहासच्या प्रोग्रामची होती. शेजारच्या टेबलावरचा सुहास पावसाळ्यात गेला. ज्या नावानं ती येत होती, ते माझ्या प्रोग्रामचं होतं, जुनं.

“नाव बदललंस तर सांग गं, नाहीतर माझा बिचारा हाका मारत बसेल,” तो म्हणाला होता. मी बदललं आणि सांगायचं राहून गेलं.

गेलेल्यांना हाका आपण मारतो, असंच मी धरून चालले होते. इथे मी धडधाकट खुर्चीत, आणि त्याला महिनोन्‌महिने सांगितलं जात होतं की मी नाही.

मी जुनं नाव परत लावलं. पुढच्या मिनिटाला हाक आली. उत्तर गेलं, ‘आहे.’

ओ दिली की थांबायचं, असं त्यानं प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं असावं. हाक पुन्हा आली नाही. मिनिट भरलं की मी अजून तिकडे बघते.